गुरूच्या गालावरचा ठिपका

ता. ३ डिसेंबर

चि. भिंगरीस,

मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर कालपासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.

तुझी चार खोकी काल दुपारी पोचली. टेम्पोवाल्याने ती तीन जिने चढवून आणली आणि धापा टाकत आत काय आहे म्हणून विचारलं. मी दुर्बीण म्हटल्यावर त्याने माझ्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे पाहिलं आणि नुसता हसला. तेव्हापासून मी खिडकीचा पडदा उघडलेला नाही. या वयात नसती बदनामी नको.

खोकी उघडली. नळकांडं माझ्या कमरेएवढं आहे. त्याच्या तळाशी आरसा आहे, त्यात मी डोकावलो तर माझंच नाक दुधी भोपळ्याएवढं दिसलं. तिपाई, मोटर, वायरी, काडेपेटीएवढा कॅमेरा आणि तुझा जुना लॅपटॉप, सगळं मोजून पलंगाखाली सरकवलं आहे. रात्री दोनदा उठून पाहिलं, होतं तिथेच होतं.

बाई गं, तुला दुसरं कोणी मिळालं नाही का? मी सहावी शिकलेला माणूस. एकेचाळीस वर्षं फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं, म्हणजे लोकांच्या तोंडावरच्या चामखिळी आणि मुरमं पुसली. ग्रहांशी माझा संबंध पेपरातल्या भविष्यापुरता. माझी गच्ची मोकळी आहे एवढाच माझा गुण. आणि तूसुद्धा कमाल आहेस. आभाळ बघणारी बाई घरातल्या दोन पायऱ्यांच्या स्टुलावरून पडून पाय मोडून घेते. तुझ्या आईने, म्हणजे ताईने, लहानपणी तुला भिंगरी नाव ठेवलं तेव्हाच मी म्हणालो होतो, हिला एका जागी बसवायला प्लास्टरच लागेल.

फोन मात्र करू नकोस. मला फोनवर काही ऐकू येत नाही आणि संकोचाने मी सगळ्याला हो म्हणतो. मागे असाच एका मुलीला चार वेळा हो म्हटलं तर दुसऱ्या दिवशी दारात फ्रिज उभा. जे काय असेल ते कागदावर लिही, मोठ्या अक्षरात.

ताईला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझा काळजीत पडलेला,
मामा

—

ता. ८ डिसेंबर

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (प्लास्टर असल्यामुळे सात अंगांनीच, आठवं खुर्चीवर.)

पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याला सांग, पडदा उघड, तुझ्याकडे बघून समोरचेच पडदे लावून घेतील. तिच्या भावाविषयी तिचं मत तुम्हाला माहीतच आहे.

मामा, तुम्हीच का, ते आधी सांगते. आमच्या खगोल मंडळाचं प्रदर्शन जानेवारीच्या शेवटी वाचनालयाच्या हॉलमध्ये आहे. अकरा वर्षं मी तिथे खुर्च्या मांडते, चहाचे कप मोजते आणि दुसऱ्यांची चित्रं भिंतीवर सरळ आहेत की तिरकी ते दुरून सांगते. माझ्या खिडकीतून शेजारच्यांची गॅलरी सोडून काही दिसत नाही, त्यामुळे माझं चित्र कधी लागलं नाही. यंदा भांडून एक चौकट मिळवली आहे, गुरू ग्रहासाठी. ती रिकामी राहिली तर तिथे आमच्या सेक्रेटरींचा चंद्र लागेल. तोच चंद्र नऊ वर्षं लागतो आहे. पुढच्या वर्षी चौकट परत मिळेलच असं नाही. आणि डॉक्टरांनी मला दीड महिना जमिनीवर पाय टेकवायला बंदी केली आहे. तेव्हा आता तुम्ही आणि तुमची गच्ची.

आता कामाचं. पहिली गोष्ट, सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवायची नाही, चुकूनसुद्धा नाही. दुसरी, मोठ्या नळकांड्यावर जी छोटी दुर्बीण आहे ती दिवसाउजेडी मोठीशी जुळवून घ्यायची. लांबची एखादी गोष्ट धरा, आधी मोठीत मधोमध आणा, मग छोटीचे स्क्रू फिरवून तिच्या फुलीवर तीच गोष्ट आणा. तिसरी, लावण्याआधी तासभर दुर्बीण गच्चीवर नुसती ठेवायची. घरातला उबदार आरसा बाहेर नेला की त्याच्यावरची हवा थरथरते. चौथी, गुरू फुलीवर आला की आयपीस काढून (डोळा लावायची ती भिंगाची नळी) तिथे कॅमेरा बसवायचा.

आणि फोटो काढायचा नाही, दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. असं समजा, स्टुडिओत ग्रुप फोटो काढताना कोणाचा ना कोणाचा डोळा मिटलेला असतो. इथे माणूस एकच आहे, पण हवा हलत असल्यामुळे तो सारखा डोळे मिटतो. म्हणून त्याचे पाच हजार फोटो घ्यायचे, लॅपटॉप त्यातले डोळे उघडे असलेले हजारभर निवडतो आणि एकावर एक रचून एकच स्वच्छ चेहरा बनवतो. कुठलं बटण कधी दाबायचं ते वेगळ्या कागदावर आकडे घालून लिहिलं आहे.

फोकसच्या चाकाला हात लागला की ग्रह उड्या मारतो. त्या चाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावा आणि चिमट्याचं टोक बोटाने हलकेच ढकला.

घाबरू नका, असं सांगून उपयोग नाही हे माहीत आहे. घाबरत घाबरत करा. तुमच्या धाकात वाढलेली आणि तो कधीही न मानलेली,

भिंगरी

—

ता. २१ डिसेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज सुटली तर पट्टी घालून खाजवू नकोस, आमच्या स्टुडिओतल्या कॅशियरची पट्टी आत अडकली होती.

तुझ्या कागदाबरहुकूम दहा दिवस झटतो आहे. छोटी दुर्बीण गावाच्या टोकाच्या उंच पाण्याच्या टाकीवरच्या विजेच्या सळईशी जुळवली. सगळं उलटं दिसतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. स्टुडिओच्या मोठ्या कॅमेऱ्यात मी अख्खं गाव उलटं पाहिलेलं आहे. वरातीतले लोक डोक्यावर चालताना दिसले की बरं वाटायचं.

पहिले चार दिवस कॅमेऱ्यात काही आलंच नाही, नुसता अंधार. पाचव्या दिवशी आलं ते पांढरं बटण. वाटलं, एवढ्यासाठी का हा खटाटोप. मग आठवलं की पांढरा सदरा आणि जास्त उजेड असला की आम्ही काय करायचो. एक्स्पोजर कमी करत गेलो, तसे एकेक करून बाजूचे चार बारीक ठिपके विझले आणि बटणावर पट्टे उमटले. भिंगरे, दोन पट्टे. मी खाली बसलो. कोणाला सांगावं तर गच्चीवर कोणी नाही. शेवटी दुर्बिणीलाच म्हटलं, छान.

पण सुख एकटं येत नाही. ग्रह असा उकळत होता, जणू कोणी त्याला पातेल्यात टाकून चुलीवर ठेवलाय. दोन दिवस तुझ्या आरशाला दोष दिला. तिसऱ्या दिवशी कळलं की माझ्याच खालच्या बेकरीचं धुराडं नेमकं मधे येतं. बेकरीवाल्याकडे गेलो आणि संध्याकाळी साडेसात ते साडेआठ भट्टी बंद ठेवाल का म्हणून विचारलं. त्याने हातातली पावाची लादी खाली ठेवली. मग म्हणाला, आजोबा, गुरू काय रोज आहे, पाव उद्या सकाळी लागतो. हे वाक्य उलटं आहे हे त्याला मी समजावून सांगितलं नाही. दुर्बीण गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागे नेली. आता बरं आहे. तीस पावलं ते ओझं वाहताना मात्र दर पावलाला माझा जीव खालीवर होतो.

आता एक विचारायचं आहे. कालच्या चित्राची लहान प्रिंट कोपऱ्यावरच्या प्रिंटवालीकडून काढून सोबत ठेवली आहे, त्यात गुरूच्या खालच्या पट्ट्यात एक तांबूस डाग आहे. इतर चेहरा स्वच्छ आहे, तेवढाच एक डाग डोळ्यांत खुपतो. माझ्या जुन्या डब्यात ब्रश आणि रंग अजून आहेत, चांगले आहेत. तू म्हणालीस तर मोठी प्रिंट काढून अर्ध्या तासात काढून टाकतो. स्टुडिओचे मालक म्हणायचे, गिऱ्हाइकाने तोंड दिलं म्हणून तसंच परत करायचं नसतं.

थंडी फार आहे. कान बांधून बसतो. मनात असू द्यावं.

मामा

—

ता. २७ डिसेंबर

ती. मामांस,

नमस्कार, आणि आधी हात जोडून एक विनंती: ब्रश डब्यात ठेवा. डब्याचं झाकण लावा. झाकणावर काहीतरी जड ठेवा.

तो डाग नाही, ते वादळ आहे. आपली अख्खी पृथ्वी त्यात मावून वर जागा उरेल. कित्येक पिढ्या ते घोंगावतं आहे आणि तुम्ही ते पाण्याच्या टाकीमागे बसून टिपलंत. मी चित्र पाहून ओरडले तेव्हा आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं दुसराही पाय गेला. चित्र बघून ती म्हणाली की तिच्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं तरी तोंड आहे तसं ठेवलं.

मंडळाचा नियमही आहे, मामा. लॅपटॉपने चित्र रचायला आणि थोडं धारदार करायला परवानगी आहे. हाताने रंगवलेलं किंवा सुधारलेलं चित्र बाद. सेक्रेटरी भिंग घेऊन तपासतात. दुसऱ्याचं चित्र बाद झालं की त्यांच्या चंद्राला जागा होते, त्यामुळे फार मन लावून तपासतात.

चित्राच्या कोपऱ्यात दोन फिकट गोल दिसतात तो मात्र कचरा आहे, कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ. रबरी पंपाने हवा मारा, कापड लावू नका.

आता नीट वाचा. येत्या ९ जानेवारीला, शुक्रवारी, काहीही झालं तरी संध्याकाळी साडेसातला तुम्ही गच्चीवर असायचं. दर दहा मिनिटांनी एक व्हिडिओ, साडेनऊपर्यंत. का ते विचारायचं नाही. त्यातलं सगळ्यात चांगलं चित्र निवडून मोठी प्रिंट काढायची आणि पाठवायची. चौकटीत तेच लागणार आहे. माझ्यासाठी एवढं कराच.

काय होणार आहे ते मला माहीत आहे आणि पोटात ठेवताना फार त्रास होतो आहे. हात, पाय, तोंड सगळं बांधलेली,

भिंगरी

—

ता. १२ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. प्रिंट सोबत आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मधे. पुठ्ठे आधी सोड, मग प्रिंट बाहेर काढ, ओढू नकोस.

शुक्रवारचं सगळं सांगतो. सकाळपासून आभाळाकडे बघत होतो. दुपारी ढग आले तेव्हा जेवण गेलं नाही. सहाला आभाळ असं मोकळं झालं, जणू कोणी झाडून घेतलंय. तू म्हणालीस तशी दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवली, तिला एकटी ठेवायला मन होईना म्हणून मीही शेजारी बसलो. हवा अशी शांत मी महिनाभरात पाहिली नव्हती. पट्ट्यांच्या कडा मोजता येत होत्या.

आणि नेमका त्याच दिवशी घात झाला. कॅमेऱ्यात एक चिलट शिरलं. अगदी बारीक, काळंभोर. आधी वाटलं धूळ असेल, पंप मारला, पण ते हललं नाही. मग बघतो तर दर व्हिडिओत ते थोडं पुढे सरकलेलं. पावणेआठला ग्रहाच्या एका कडेला होतं, सव्वानऊला मधून पार होऊन पलीकडे पोचत आलं. इतक्या सावकाश चालणारं चिलट मी जन्मात पाहिलं नाही. थंडीने गारठलं असावं. सगळेच्या सगळे व्हिडिओ त्याने नासवले. मी तिथे डोक्याला हात लावून बसलो होतो. तुझी एवढी एक संध्याकाळ आणि ती माझ्या हातून अशी जावी.

पण तू काळजी करू नकोस, मी निस्तरलं आहे. ग्रहाच्या तोंडाला मी हात लावलेला नाही, तुझं वादळ जिथल्या तिथे आहे. फक्त चिलट काढलं. प्रिंटवालीकडून खरखरीत कागदावर प्रिंट घेतली आणि पांढऱ्यात पिवळा नि तांबूस मिसळून तेवढी जागा भरली. पंधरा वर्षांनी ब्रश धरला, हात एकदाही कापला नाही. तुझ्या सेक्रेटरीचं भिंग मोडेल पण जागा सापडणार नाही. मग आमच्या स्टुडिओच्या नियमाप्रमाणे मूळ नासवून टाकलं. लॅपटॉपवरचे त्या संध्याकाळचे सगळे व्हिडिओ पुसले, आणि प्रिंटवालीच्या मशीनवर होतं तेही समोर उभं राहून पुसून घेतलं. शनिवारी नि रविवारी नव्या रेकॉर्डिंगने लॅपटॉप भरलासुद्धा. आता जगात ही एकच प्रत आहे, आणि स्वच्छ आहे.

मला थोडी सर्दी आहे. विशेष नाही. आवडलं का ते लगेच कळव, तोवर अन्न गोड लागायचं नाही.

मामा

—

ता. १५ जानेवारी

ती. मामांस,

नमस्कार. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आई म्हणाली, सरळ लिही, तो आधीच अर्धा काळजीने मेलेला असतो, उरलेला अर्धा खरं ऐकून जगेल.

मामा, ते चिलट नव्हतं. गुरूच्या एका चंद्राची सावली होती. चंद्र गुरू आणि सूर्य यांच्या मधे आला की त्याची सावली ग्रहावर पडते आणि दोन तासांत ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते. शुक्रवारी तेच होणार होतं. मंडळातल्या आणखी तिघांनी प्रयत्न केला, तिघांकडेही ढग होते. ती सावली फक्त तुम्हाला दिसली, आणि तुम्ही ती पुसलीत.

चूक माझी आहे. मला तुमची गंमत बघायची होती, चित्रात काळा ठिपका पाहून तुम्ही काय लिहिता ते वाचायचं होतं. आधी एक ओळ लिहिली असती तर काही झालं नसतं. अकरा वर्षांत एक चौकट मिळाली आणि ती मी सरप्राइझपायी घालवली.

चित्र मात्र इतकं सुंदर आहे की रडू येतं. पण ते हाताने सुधारलेलं आहे, म्हणजे बाद. आणि सावली नाही, म्हणजे त्या दिवसाचंही नाही. चित्रं शुक्रवारपर्यंत, २३ तारखेला, चौकटवाल्याकडे पोचायला हवीत. सावलीचा पुढचा योग तोपर्यंत तुमच्या गच्चीवरून नाही, मी पाहिलं.

एक विचार येतो, तुम्हालाच लिहिते, आईला सांगितलेला नाही. कुठे होता ते तुम्ही कळवलंत तर एक काळा ठिपका मीच देऊन टाकू का? टाचणीच्या डोक्याएवढा. जे खरंच होतं तेच तर परत ठेवायचं आहे. कोणाला कळणार?

रागावू नका. मी स्वतःवरच रागावले आहे, तेवढं पुरे.

भिंगरी

—

ता. १८ जानेवारी

चि. भिंगरीस,

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचून पाटावरून उठलो ते गच्चीवर गेलो, तिथून खाली आलो, परत वर गेलो. एका चंद्राची सावली दीड तास माझ्या डोळ्यांपुढून चालत गेली आणि मी तिच्यावर पंप मारत होतो. स्वतःवर चिडावं की हसावं कळेना. शेवटी बेकरीवाल्याला सांगितलं. तो हसला. मग मलाही थोडं हसू आलं. पण रात्रभर डोळा लागला नाही.

मूळ का नासवलं ते तुला सांगायला हवं. स्टुडिओत सुधारलेली प्रत पसंत पडली की तिच्यावरून नवी निगेटिव्ह करायची आणि जुनी कात्रीने कापायची, असा मालकांचा नियम होता. गिऱ्हाइकाला आपली दोन तोंडं शेजारी शेजारी कधी दिसू द्यायची नाहीत. एकेचाळीस वर्षं मी कापत आलो. हाताला वळण पडलं, डोकं लागलंच नाही.

ठिपका द्यायचा नाही. मी रागाने लिहीत नाही, पण द्यायचा नाही. मी जन्मभर लोकांचे चेहरे बदलले, ते त्यांना माहीत होतं, त्यांनीच सांगितलेलं असायचं. हे तसं नाही. तू दिलेला ठिपका तू दिलेला असेल. भिंतीवर तो बघून लोक वाहवा म्हणतील आणि तू त्याच्याकडे बघणार नाहीस. मला ते माहीत आहे, कारण मीही आमच्या काचेच्या कपाटातल्या फोटोंकडे बघत नसे.

आता ऐक. सावली गेलेली नाही. ती माझ्या रंगाखाली आहे. कागद धुवून पक्का झालेला फोटोचा आहे, आणि वरचा रंग पाण्याचा, थोडा डिंक घातलेला. जो रंग पाण्याने चढतो तो पाण्याने उतरतो. मी स्वतः आलो असतो, पण सर्दी छातीत उतरली आहे आणि डॉक्टरीणबाईंनी आठ दिवस गाडीत बसायचं नाही म्हणून बजावलंय. त्या म्हणाल्या, दुर्बीण थंड करायची होती ना, तुम्ही कशाला झालात? तेव्हा हे काम तुला करायचं आहे. आजवर तू लिहिलंस आणि मी केलं, आता मी लिहितो.

पाणी उकळून गार कर. गार म्हणजे कोमट नाही. काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळ, उंदराच्या शेपटीएवढा बारीक. बुडवून पिळून घे, ओला नको, दमट हवा. प्रिंट खिडकीशी तिरकी धर. वरच्या पट्ट्याच्या जरा खाली, डाव्या कडेपासून तिसऱ्या हिश्शावर उजेड किंचित मेल्यासारखा दिसेल, तीच जागा. कापूस घासायचा नाही, लाटण्यासारखा फिरवायचा, आणि कडेकडून मधे यायचं, मधून बाहेर नाही, नाहीतर रंग पसरेल. एकदा फिरवला की तो टाकायचा, नवा घ्यायचा. कापसाला रंग लागायचा थांबला की तूही थांब. आणखी थोडं, असं मन म्हणेल. त्याचं ऐकू नकोस. या धंद्यात जेवढी वाट लागते ती आणखी थोड्याने लागते.

आधी प्रिंटच्या पांढऱ्या कडेवर एकदा करून बघ. ताईला त्या वेळी खोलीत बोलू देऊ नकोस.

हे पत्र पोस्टाने नाही, रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातून पाठवतो आहे. तो वाटेत कुठे थांबू नये एवढीच काळजी.

मामा

—

ता. २० जानेवारी

ती. मामांस,

पत्र काल सकाळी सातला मिळालं. नऊला मी खिडकीशी बसले. बावीस काड्या लागल्या.

पहिल्या दोनवर काहीच आलं नाही आणि मला वाटलं, तुम्ही हे काम इतकं चांगलं केलंय की आता देवालाही उतरवता यायचं नाही. तिसरीवर बदामी डाग आला. नवव्या काडीला मधे राखाडी दिसलं. आई दाराबाहेर उभी राहून दर मिनिटाला मी बोलत नाहीये असं सांगत होती. सोळाव्या काडीला मामा, तो आला. काळाभोर, एका बाजूने किंचित लांबट, अगदी निवांत. तो लांबट असेल हे मला सुचलंच नसतं. मी गोल दिला असता.

त्यानंतर सहा काड्या. मग कापूस पांढरा राहिला आणि मी थांबले. आणखी थोडं, असं मन म्हणालं होतं.

जागा नीट पाहिली तर त्याच्याभोवती कागदाची खरखर जरा चपटी झाली आहे. तिरक्या उजेडात कळते. सेक्रेटरींना कळेल की काय ही धास्ती आहे. पण चित्र आज चौकटवाल्याकडे गेलं. तुमची आठ दिवसांची बंदी २५ ला संपते. प्रदर्शन ३० ला आहे. बसचं तिकीट सोबत आहे. जे व्हायचं ते माझ्या एकटीसमोर नको.

वाट बघणारी, आता काठीने का होईना चालणारी,

भिंगरी

—

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. सुखरूप पोचलो. बसमध्ये शेजारी एक बाई शिंकत होती, पण अजून काही झालेलं नाही. दुर्बीण पलंगाखाली आहे, मोजली.

तू चहा बघायला आत गेली होतीस तेव्हा नेमकं काय झालं हे तू दोन दिवस खोदून विचारलंस आणि मी टाळलं, कारण तोंडाने सांगताना माझी त्रेधा उडते. आता लिहितो.

तुझे सेक्रेटरी भिंग घेऊन आले. सगळी चित्रं पाहिली आणि तुझ्यापाशी थांबले. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, गुडघे वाकवून खालून पाहिलं. मी खांबाला टेकून उभा होतो. ते शेजारच्यांना म्हणाले की इथे हात लागलेला आहे, हा ठिपका वरून दिलेला दिसतो, चित्र उतरवावं लागेल. माणूस वाईट नाही, आवाज पडलेला होता. पण दोघे जण चौकट उतरवायला पुढे झालेच.

मला नीट ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे. ते मात्र सगळं ऐकू आलं. मी पुढे गेलो आणि म्हणालो, हात माझा लागला होता. मी ठिपका दिलेला नाही, मी तो झाकला होता, आणि माझ्या भाचीने तो उघडा केला. मग चिलटापासून सगळं सांगितलं, पंपासकट. लोक जमले. काही जण हसले, हसू दिलं. सेक्रेटरी म्हणाले, आजोबा, हे खरं कशावरून? मी म्हटलं, कापूस आणा. दिलेला ठिपका असेल तर उतरेल. खरा असेल तर माझ्या बापाच्यानेही उतरायचा नाही.

चौकटीची काच काढली. तुझ्या चहाच्या टेबलावरून पाणी आणलं. माझी मान लटपटत होती पण बोट नाही. सगळ्यांच्या देखत मी त्या ठिपक्यावर कापूस फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा, मग सेक्रेटरींच्या हातात दिला. त्यांनी तो भिंगाखाली धरला. पांढरा होता. त्यांनी स्वतः काच परत बसवली आणि चौकट टांगली. ती जरा तिरकी झाली, ती मी सरळ केली. तेवढ्यात तू काठी टेकत बाहेर आलीस आणि सगळे माझ्याकडे का बघताहेत म्हणून विचारलंस.

दुसऱ्या दिवशी हॉलमधून निघताना सेक्रेटरींनी मला दाराशी गाठलं. मंडळाच्या पुस्तिकेत त्यांचा फोटो छापायचा आहे म्हणे, आणि हनुवटीवरची चामखीळ फार ठळक आली आहे. तुमच्या हाताची कमाल पाहिलीच, तेवढी काढून द्याल का, असं आजूबाजूला बघत हळूच विचारलं. मी म्हटलं, काढतो की, त्यात काय. फोटो माझ्या पिशवीत आहे, उद्या बसतो.

फक्त त्यांच्याकडून दोन प्रती मागून घेतल्या. एकीवर काम करीन. दुसरीला हात लावणार नाही, ती चामखिळीसकट जपून ठेवणार आहे.

प्लास्टर निघालं म्हणून उड्या मारू नकोस. ताईला सांग, पडदा उघडला आहे. माझा जीव तुमच्यात अडकलेला असतो, तो तसाच अडकलेला राहू द्यावा.

तुझा,
मामा